न जुळलेली पिवळी रेघ

आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. माझी आई बाहेरच्या खोलीत बसलेली असली तरी भिंतीच्या फरश्यांवर पडलेला तो पिवळा उजेड बघून तिथूनच ओरडायची, "अगं, उतू गेलं बघ!" तो पिवळा रंग आमटीचा नसतो, हळदीचा तर नसतोच. तो मिठाचा असतो. मिठातलं सोडियम तापलं की नेमका तेवढाच पिवळा उजेड टाकतं, दुसरा कुठलाही नाही.

हे मला कळलं ते सांगलीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, प्रॅक्टिकलच्या वेळी. डार्क रूममधला सोडियम दिवा लावला की आधी गुलाबी-लाल उजळतो आणि मग दहाएक मिनिटांत हळूहळू पिवळा होत जातो. समोर स्पेक्ट्रोमीटर, त्याच्या टेबलावर ग्रेटिंग, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच. दुर्बिणीची नळी हळूच फिरवत न्यायची. अंधारातून एकदम दोन पिवळ्या रेघा सरकत समोर येतात, केसाइतक्या बारीक, एकमेकींना खेटून. क्रॉस वायर त्यांच्यावर बसवायची, टॉर्चच्या उजेडात व्हर्निअर, म्हणजे कोनाची बारीक मोजपट्टी, वाचायचा, डावीकडचं आणि उजवीकडचं रीडिंग घ्यायचं, वजाबाकी करायची, निम्मं करायचं. पुस्तकात रेघांच्या तरंगलांबीचं उत्तर दिलेलं असायचं : 5890 आणि 5896 अँगस्ट्रॉम. आमचं उत्तर आलं होतं 5931. माझ्या जोडीदारणीनं शांतपणे खोडरबर काढला आणि कोनातली चार मिनिटं (एका अंशाची साठ मिनिटं) कमी केली. उत्तर बसलं. आमच्याकडे त्याला "रीडिंग बसवणं" असंच म्हणत. सगळी बॅच बसवायची. मीही बसवलं, जर्नलवर सही मिळाली.

त्या खोडलेल्या चार मिनिटांची आठवण मला पुढं फार वर्षांनी, सूर्य कशाचा बनला आहे हा प्रश्न माणसानं कसा सोडवला ते वाचताना झाली. त्या साऱ्या इतिहासात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली : आपल्या हातात आलेलं रीडिंग पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही, तेव्हा समोरचा माणूस काय करतो.

1835 साली पॅरिसचा तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत यानं लिहून ठेवलं की ताऱ्यांचे आकार, अंतरं, गती आपण मोजू शकू, पण ते कशाचे बनले आहेत हे कुठल्याही उपायानं कधीच कळणार नाही. त्याचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. पदार्थ ओळखायचा तर तो हातात घ्यावा लागतो, तापवावा लागतो, आम्लात टाकावा लागतो. सूर्याचा तुकडा कोण आणून देणार?

खरं तर उत्तर तेव्हाच कागदावर उमटलेलं होतं, फक्त ते वाचता येत नव्हतं. म्युनिकमध्ये काचकामाच्या उमेदवारीत वाढलेला योझेफ फ्राउनहोफर हा अनाथ मुलगा. 1801 साली मालकाचं घर कोसळून हा ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता, तिथून जिवंत निघाला. पुढं तो युरोपातली सर्वोत्तम काच बनवू लागला. 1814 साली आपल्या काचेची परीक्षा घेताना त्यानं सूर्यप्रकाशाचा पट्टा लांबलचक पसरून पाहिला, तर रंगांमध्ये जागोजाग काळ्या रेघा. त्याच्याआधी 1802 साली इंग्लंडमध्ये वॉलस्टनलाही अशा काही रेघा दिसल्या होत्या. त्या रंगांच्या हद्दी असाव्यात असं समजून तो पुढं गेला होता. फ्राउनहोफर पुढं गेला नाही. त्यानं 574 रेघा मोजल्या, नकाशा काढला, ठळक रेघांना अक्षरं दिली. पिवळ्या रंगातल्या जोडरेघेला अक्षर मिळालं डी. ती काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला, तोवर माहीत झालंही नाही. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो. अर्थ न लागलेली गोष्ट इतक्या निगुतीनं मोजून ठेवायची, हे सोपं काम नाही.

अर्थ लागला 1859 साली, हायडेलबर्गमध्ये, तोही चिमूटभर मिठानं. गुस्ताव किर्खोफ याला ठाऊक होतं की मिठाच्या ज्योतीची पिवळी चमकदार रेघ आणि सूर्याच्या पट्ट्यातली काळी डी रेघ एकाच जागी येतात. त्यानं सूर्याचा किरण मिठाच्या ज्योतीतून आरपार जाऊ दिला. अपेक्षा साधी होती : काळ्या खाचेत पिवळा उजेड ओतला की खाच भरून निघेल. मंद ऊन घेतलं तेव्हा झालंही तसंच. पण कडक ऊन सोडलं तेव्हा काळी रेघ आणखी काळी झाली. उजेड घातला आणि अंधार वाढला!

इथं रीडिंग बसवायचा मोह कुणालाही झाला असता. ज्योत हलली असेल, फट नीट नसेल, उद्या पाहू. किर्खोफनं उलटं मानलं की ज्योत खरं बोलते आहे. जो वायू एखादा रंग देतो, तोच वायू मागून येणाऱ्या प्रखर उजेडातून नेमका तोच रंग काढून घेतो. म्हणजे सूर्याच्या काळ्या रेघा या तिथल्या वायूंच्या सह्या आहेत. सोडियमची सही तिथे आहे, म्हणून सोडियम तिथे आहे. मग त्यानं लोखंड घेतलं. लोखंडाच्या 60 चमकदार रेघा सूर्याच्या 60 काळ्या रेघांवर चपखल बसल्या. योगायोगानं हे घडण्याची शक्यता त्यानं मांडली ती अशी : निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, असं साठ वेळा. काँत वारल्याला तेव्हा दोन-अडीच वर्षंच झाली होती.

आता पोळ्याच्या दिवसाकडे येते. 18 ऑगस्ट 1868, श्रावणी अमावास्या. त्या दिवशी खग्रास ग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावर चढली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरली. वर्णपट, म्हणजे उजेड पसरून होणारा रंगांचा पट्टा, पाहायची युक्ती नुकती हाती आलेली होती, आणि ती बरोबर घेऊन माणसं प्रथमच खग्रास ग्रहणाला बसली होती. ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या लाल ज्वाला दिसतात त्या कशाच्या, हे त्यांना बघायचं होतं.

विजयदुर्गाला मी काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्येच गेले होते. किल्ल्यावर "साहेबाचे कट्टे" म्हणून चौथरे दाखवतात. ग्रहणाच्या निरीक्षणासाठी ते बांधले, इथूनच लॉकियर साहेबानं हेलियमचा शोध लावला, असं सांगतात, आणि दर वर्षी 18 ऑगस्टला तिथं हेलियम दिन साजरा होतो. शाळेतली मुलं पावसात गड चढून येतात हे मला मनापासून आवडतं. पण खरं तेच सांगायला हवं : नॉर्मन लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हता. तो लंडनमध्ये युद्धखात्यात कारकून होता आणि घरच्या बागेतल्या दुर्बिणीतून सूर्य बघत असे. हा तपशील मुलांना सांगितला तर कट्ट्यांचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. सावली विजयदुर्गावरून गेलीच होती. शोध मात्र एका कट्ट्यावर, एका साहेबाच्या हातून, एका दुपारी लागलेला नाही.

त्या दिवशी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात एक तरुण सैनिकी अधिकारी बसला होता, लेफ्टनंट जॉन हर्शेल. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. पावसाळी ढग येत-जात होते. ढगांच्या फटीतून त्याला सूर्याच्या ज्वालेत तीन चमकदार रेघा दिसल्या : तांबडी, नारिंगी आणि निळी. काळ्या नव्हेत, चमकदार. म्हणजे ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत, हे तिथंच ठरलं. आता नारिंगी रेघ कुठली? त्यानं अहवालात लिहिलं, ती डी रेघच आहे, आपल्या उपकरणाच्या कुवतीपुरतं बोलायचं तर. शेवटचं ते अर्धं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. उत्तर चुकलं होतं, आणि ते कुठून चुकू शकतं ती जागा त्यानं उघडी ठेवली होती.

तिकडे गुंटूरमध्ये पियेर जान्सेन हा फ्रेंच माणूस त्याच रेघा बघून असा भारावला की ग्रहण संपता संपता त्यानं ठरवलं, या रेघा मी ग्रहण नसतानाही बघणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बघितल्याही. युक्ती अशी : प्रिझममधून नेला की आभाळाचा उजेड सगळ्या रंगांत पसरून फिका पडतो, पण ज्वालेचा उजेड मुळात दोन-तीनच रेघांचा, तो कितीही पसरवला तरी त्या रेघांतच राहतो. मग ग्रहणाची गरजच उरत नाही. पुढचे दोन आठवडे तो गुंटूरलाच राहून रोज सूर्याची कड तपासत बसला. (याच जान्सेननं 1870 साली शत्रूच्या वेढ्यात अडकलेल्या पॅरिसमधून फुग्यात बसून सुटका करून घेतली, ती अल्जीरियातलं ग्रहण गाठायला. तिथं ढग आले.)

लॉकियरच्या डोक्यात हीच युक्ती आधीपासून होती, पण पुरेसं ताकदवान उपकरण बनून हाती यायला ऑक्टोबर उजाडला. 20 ऑक्टोबरला त्यालाही लंडनच्या धुरकट आभाळात त्या रेघा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, 26 ऑक्टोबरला पोचली. तिथल्या लोकांनी कोण पहिला याचा वाद न घालता पुढं दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं.

लॉकियरचं खरं काम मला वाटतं यानंतरचं आहे. त्याच्या उपकरणात पट्टा जास्त लांब पसरायचा. त्यात ती पिवळी रेघ डीच्या जोडीवर बसेना. 5890 नाही, 5896 नाही. ती पडत होती 5876ला, जराशी हिरव्याच्या बाजूला. फरक किती? माझ्या आणि मैत्रिणीच्या खोडरबरानं पुसलेल्या फरकापेक्षा कितीतरी कमी. सोडियम म्हणून नोंद केली असती तर कुणी आक्षेप घेतला नसता. हर्शेलनं तशी केलीच होती. लॉकियरनं तिला वेगळं नाव दिलं, डी-3. मग ती हायड्रोजनचीच एखादी रेघ तर नाही ना, हे पडताळायला रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडला हाताशी धरून प्रयोगशाळेत हायड्रोजन दाबून पाहिला, तापवून पाहिला, विरळ करून पाहिला. ती रेघ काही आली नाही. 1871 साली एडिंबराच्या सभेत विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननी, जाहीर सांगितलं की हे नवं द्रव्य असावं आणि फ्रँकलंड-लॉकियर त्याला हेलियम म्हणू पाहताहेत, सूर्याच्या ग्रीक नावावरून. शेवटचं "इयम" सोडियम-कॅल्शियमसारखं, कारण ते धातू असेल असा अंदाज. तो अंदाज चुकला, पण नाव तसंच राहिलं.

मग ही रेघ सत्तावीस वर्षं निराधार होती. पृथ्वीवर कुठल्याच ज्योतीत नाही, कुठल्याच खनिजात नाही. अनेकांना हा लॉकियरचा हट्ट वाटत होता. 1895च्या मार्चमध्ये लंडनला रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी क्लेव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात तापवून त्यातून निघणाऱ्या वायूत आरगॉन शोधत होता. वायूतून विजेची ठिणगी सोडली तर पिवळी रेघ, डीच्या जवळ पण डीवर नाही. त्यानं नमुना विल्यम क्रुक्सकडे धाडला. क्रुक्सनं मोजून कळवलं, ही डी-3. नमुना लॉकियरकडेही गेला. बत्तिसाव्या वर्षी सूर्यात पाहिलेली रेघ अठ्ठावन्नाव्या वर्षी काचेच्या नळीत, हाताच्या अंतरावर. त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल याची कल्पना करताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

युरेनियमच्या दगडात सूर्याचा वायू कुठून आला, याचं उत्तर 1908 साली मँचेस्टरला रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी दिलं. किरणोत्सारी द्रव्यातून सुटणारे अल्फा कण त्यांनी अतिशय पातळ काचेतून आरपार जाऊ दिले, बाहेरच्या नळीत साठवले, ठिणगी सोडली. पुन्हा तीच पिवळी रेघ. म्हणजे अल्फा कण हेच हेलियम, आणि युरेनियमच्या दगडात तेच साठत आलेलं होतं.

इथवर सगळ्यांची समजूत अशी झाली होती की सूर्य म्हणजे तापलेली पृथ्वीच. वर्णपटात लोखंड, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्या रेघांची गर्दी, म्हणजे मालही तोच असणार. या समजुतीला पहिला धक्का कोलकात्याहून बसला. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा यांनी 1920 साली दाखवलं की रेघ ठळक म्हणजे द्रव्य जास्त, असा सरळ हिशेब चालत नाही. तापमान आणि दाब यांवर अणूचे इलेक्ट्रॉन सुटणं अवलंबून असतं, आणि त्यावर रेघ दिसणं-न दिसणं. लग्नघरात ज्याचा आवाज सगळ्यात मोठा तो घरचा कर्ता असतोच असं नाही, तसंच हे. साहांनी त्याचं समीकरण दिलं. तेव्हा ते जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते.

ते समीकरण घेऊन अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत एक इंग्रज मुलगी बसली, सेसिलिया पेन. तिथल्या काचेच्या तबकड्यांवर ताऱ्यांचे वर्णपट हजारोंनी साठलेले होते. तिनं रेघा मोजल्या, साहांच्या सूत्रानं उलट हिशेब केला. सिलिकॉन, कार्बन, लोखंड यांचं परस्परांतलं प्रमाण साधारण पृथ्वीसारखंच आलं. हायड्रोजन मात्र धातूंच्या दहा लाख पट. हेलियमही अवाढव्य.

तिनं गणित पुन्हा तपासलं असेलच. जानेवारी 1925 मध्ये त्या काळातले अमेरिकेतले सर्वात वजनदार खगोलभौतिकतज्ज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी तिला पत्र लिहिलं की धातूंच्या दहा लाख पट हायड्रोजन ही उघडच अशक्य गोष्ट आहे. पेन तेव्हा चोवीस वर्षांची होती. प्रबंध मान्य व्हायचा होता. तिनं आकडे तक्त्यात तसेच ठेवले आणि खाली लिहिलं की हायड्रोजन आणि हेलियमचे हे आकडे जवळजवळ निश्चितच खरे नाहीत.

ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आम्ही उत्तर बसवायला आकडा खोडला होता. तिनं आकडा खोडला नाही. जे दिसलं ते सोडलं नाही, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायची परवानगी मात्र तिला मिळाली नाही. चारच वर्षांनी, 1929 साली, रसेल दुसऱ्या वाटेनं त्याच उत्तराला पोचले आणि तिच्या कामाचा उल्लेख करून त्यांनी ते मान्य केलं. तरी बरीच वर्षं श्रेय त्यांच्याच नावावर राहिलं. पेननं पुढं आत्मचरित्रात दोष स्वतःला दिला, आपण अधिकारी माणसापुढं नमलो म्हणून. मला तो दोष तिचा वाटत नाही.

आता सूर्याचं वजन वाटून सांगतात ते असं : सुमारे 73 टक्के हायड्रोजन, 25 टक्के हेलियम, आणि उरलेल्या दोन टक्क्यांहून कमी भागात लोखंड, कार्बन, प्राणवायू, सगळं. गंमत बघा, सूर्यात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या हेलियमची सही फ्राउनहोफरच्या 574 रेघांत सापडणार नाही. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश, हेलियमच्या अणूला दृश्य रेघ उमटवायला ती ऊब पुरत नाही. कडेच्या, वरच्या तापलेल्या थरातच तो बोलतो. म्हणून तो दिसायला सूर्य झाकावा लागला, किंवा लॉकियर-जान्सेनसारखं कडेला डोळा लावून बसावं लागलं.

याच हेलियमच्या आकड्यानं पुढं विश्वाच्या आरंभाचा वाद पेटता ठेवला. विश्वात हेलियम साधारण चौथा हिस्सा, आणि ताऱ्यांना एवढं बनवता येत नाही. विश्व एका महास्फोटातून सुरू झालं, हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांना कधीच मान्य नव्हतं. तरी 1964 साली रॉजर टेलर यांच्याबरोबर हिशेब केल्यावर त्यांनी लिहिलं की एक तर आरंभ अतितप्त असला पाहिजे, नाही तर प्रचंड वस्तुमानाच्या पिंडांत हे शिजलं असलं पाहिजे. आपल्या मताविरुद्ध जाणारा पर्याय त्यांनी स्वतःच छापला. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा विद्यार्थी होता कोल्हापूरचा जयंत नारळीकर. नारळीकर सरांनी पुण्यात 1988 साली आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली आणि अखेरपर्यंत महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. या प्रश्नात पुरावा मला दुसऱ्या बाजूला झुकलेला दिसतो. पण कुठलं निरीक्षण कुठं बसत नाही हे त्यांनी आकड्यांनिशी सांगितलं, तेही मराठीत, शाळकरी मुलांसमोर. मे 2025 मध्ये सर गेले, त्या रात्री मी जुनं जर्नल माळ्यावरून काढून पाहिलं. खोडलेल्या जागी कागद अजून विरलेला आहे.

या सुट्टीत भाचा आला होता, सातवीतला. चपलांच्या खोक्याला ब्लेडनं बारीक फट पाडली, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवला, वरून बघायला भोक. कडेला कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. रात्री स्वयंपाकघरातला दिवा घालवला, गॅस बारीक केला, ओली तार मिठात बुडवून ज्योतीत धरली. भिंतीवर तोच ओळखीचा पिवळा उजेड.

"मावशी, दिसली! एकच आहे."

"दोन आहेत. आपल्या खोक्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत."

"आणि हेलियमची?"

"ती इथं नाही. असती तर किंचित हिरव्याच्या बाजूला आली असती." मी नखानं जागा दाखवली, पण त्या खोक्यात तेवढी जागा नखापेक्षाही लहान होती.

वहीत त्यानं तक्ता आखला होता. पेन्सिल हातात धरून तो बराच वेळ भोकातून बघत राहिला. "चारवर नाहीये आणि पाचवरपण नाहीये," तो म्हणाला. "कुठल्या घरात लिहू?"

"जिथं दिसते तिथं लिही."

त्यानं तार माझ्या हातात दिली, पुन्हा एकदा डोळा लावला, आणि अंधारातच चाचपडत लिहिलं : चार आणि पाचच्या मधे, पाचकडे जास्त.